‘हॉर्टस मलबारिकस’मधील नागरी अक्षरे

वनस्पतिशास्त्राचा इतिहास सांगताना आपण बहुधा लिनीअसपासून आरंभ करतो. परंतु त्याच्या १७५३ च्या ग्रंथापूर्वी पाऊणशे वर्षे ‘हॉर्टस मलबारिकस’चा पहिला खंड अ‍ॅम्स्टरडॅम येथे निघाला होता. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड झाले. मलबारातील सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने व चित्रे त्यांत आहेत.

ग्रंथ डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीडे याच्या नावावर आहे, आणि त्याचा उद्योग थोर खराच. पण तो शिपाईगडी व कारभारी. झाडांचे ज्ञान होते ते इट्टी अच्युदन या ईळवा वैद्याजवळ आणि गोव्याहून कोचीनला जाऊन स्थायिक झालेल्या समाजातील रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघांजवळ. विशेष हे की, पहिल्या खंडात या सर्वांचे साक्षलेख त्यांच्याच भाषेत व लिपीत कोरून छापले आहेत. अच्युदनच्या लेखावर २० एप्रिल १६७५ ही तिथी आहे. तिघांचा लेख नागरीत, भाषा कोंकणी. तो मराठीच्या पदरात घालण्याचा मोह आपण आवरावा हे बरे! आरंभीच्या चित्रांवरही लॅटिन नावाशेजारी मलयाळी, अरबी व नागरी अक्षरांतील नावे आहेत. सांगणाऱ्याचे नाव सांगण्याचा हा प्रामाणिकपणा पुढच्या कित्येक ग्रंथांत आढळत नाही.

या नावांचे मोल पुढे दिसून आले. ऱ्हीडेने वाळवलेले नमुने मागे उरले नाहीत; म्हणून लिनीअसने अनेक जातींची नावे या चित्रांवरूनच निश्चित केली. आपल्या करंजाला मिळालेले ‘पोंगामिया’ हे शास्त्रीय नाव मूळच्या ‘पोंगम’ या देशी नावाचेच रूप होय. विसाव्या शतकात के. एस. मणिलाल (१९३८–२०२५) यांनी त्याच प्रदेशात हिंडून या वनस्पती पुन्हा शोधल्या आणि ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला; तो केरळ विद्यापीठाने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. सायलेंट व्हॅलीच्या अरण्यातील वनस्पतींची नोंद करण्याच्या कामीही ते अग्रभागी होते. त्या अरण्यास १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. रानात काय आहे याची यादीच नसेल, तर काय गेले हे कोण सांगणार? आमच्या विद्यार्थ्यांना गुलाबाच्या पाकळ्या मोजता येतात. शाळेमागच्या टेकडीवरील झुडपाचे नाव मात्र गुराख्यालाच विचारावे लागते.

ऱ्हीडे १६९१ मध्ये समुद्रप्रवासात वारला. त्याची भव्य कबर सुरतेस आहे. त्या तीन भटपंडितांचे हस्ताक्षर पहिल्या खंडाच्या पानावर आहे.