तळहातावरचा अल्लादीन : एका खेळाचा प्रवास आणि आपल्या हातून निसटलेला इतिहास

१/ सीबीडी बेलापूरच्या स्थानकात खाली लोकलचे फलाट आहेत आणि वर कार्यालयांचे मनोरे. सिडकोची स्थापना १९७० सालची. नव्या शहराचे व्यापारी केंद्र म्हणून आखलेल्या बेलापूरला लोकल मात्र १९९३ साली पोहोचली. आज याच फलाटावर गाडीची वाट पाहणारी मुले मोबाइलवर कुण्या धावत्या नायकाला खड्ड्यांवरून उड्या मारायला लावत असतात. त्या नायकाचा एक पूर्वजही १९९३ सालचाच आहे. त्याचे नाव अल्लादीन.

२/ वॉल्ट डिस्नेचा ‘अल्लादीन’ हा ॲनिमेशनपट नोव्हेंबर १९९२ मध्ये प्रदर्शित झाला. रॉन क्लेमेंट्स आणि जॉन मस्कर हे त्याचे दिग्दर्शक. जगभरातील उत्पन्नात तो त्या वर्षीचा अग्रणी चित्रपट ठरला. साहजिकच त्यावर व्हिडिओ गेम येणार होता. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी आले ते दोन, आणि दोन्ही एकमेकांहून भिन्न.

३/ याचे कारण हक्कांच्या वाटपात होते. निन्टेन्डोच्या यंत्रासाठीचा खेळ जपानच्या कॅपकॉमने घडवला, तर सेगाच्या यंत्रासाठीचा खेळ व्हर्जिन गेम्सच्या चमूने. कॅपकॉमचा अल्लादीन सफरचंदे फेकतो आणि शत्रूच्या डोक्यावर उडी मारतो. सेगाच्या अल्लादीनच्या हाती तलवार आहे. कॅपकॉमच्या खेळाचे आरेखन करणारे शिंजी मिकामी पुढे ‘रेसिडेंट ईव्हिल’मुळे ख्यातकीर्त झाले.

४/ दोन्ही खेळ ‘प्लॅटफॉर्म’ प्रकारातले : नायकाने धावावे, एका कठड्यावरून दुसऱ्यावर उडी घ्यावी, चुकल्यास पुन्हा आरंभ करावा. सेगाच्या आवृत्तीचे विशेष असे की, तिच्यातील पात्रांच्या हालचाली डिस्नेच्या ॲनिमेशनकारांनी कागदावर हाताने रेखाटल्या आणि मग त्या संगणकात उतरवल्या. चित्रपटाची रेषा खेळात थेट आली.

५/ आता तळहाताकडे वळू. निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’ १९८९ साली जपानमध्ये विक्रीस आला. त्यामागे गुनपेई योकोई यांचा विचार होता : अत्याधुनिक तंत्राच्या मागे न धावता, जुने झालेले, स्वस्त आणि भरवशाचे तंत्र नव्या रीतीने वापरावे. म्हणून पडदा रंगहीन, केवळ चार छटांचा. त्यामागे दिवाही नाही. चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांहून अधिक चाले.

६/ प्रतिस्पर्धी सेगाच्या ‘गेम गिअर’चा पडदा रंगीत आणि प्रकाशमान होता; परंतु सहा सेल तो तीन ते पाच तासांत संपवी. ग्राहकांनी रंगापेक्षा सेल वाचवणे पसंत केले. तंत्रज्ञानाच्या इतिहासात सरस वस्तू हरते आणि सोयीची वस्तू टिकते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

७/ १९९५ साली अल्लादीन या गेम बॉयवर आला. सेगाच्या पडद्यावर साधारण ३२० गुणिले २२४ बिंदू, तर गेम बॉयवर १६० गुणिले १४४. म्हणजे चित्रासाठी जागा तिसऱ्या हिश्श्याएवढी. एका वेळी पडद्यावर हलत्या आकृत्यांचे फार तर ४० तुकडे, त्यातही एका ओळीत दहाच. निळा जिनी राखाडी झाला.

८/ अशा रूपांतरात खरा पेच आकाराचा असतो. नायक लहान काढावा तर त्याची ओळख पुसते. मोठा ठेवावा तर पुढचा खड्डा दिसत नाही आणि खेळणारा आंधळेपणाने उडी मारतो. हातात धरायच्या यंत्रांवरील चित्रपटाधारित खेळांवर जी टीका झाली, तिच्या मुळाशी पुष्कळदा हाच पेच होता.

९/ आपल्याकडे गेम बॉय अनेकांनी पाहिला तो आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेत. येथील कित्येक मुलांची अल्लादीनशी गाठ पडली ती डॉस संगणकावर, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या जोडीने. तळहातावरचा खेळ भारतात खऱ्या अर्थाने सार्वत्रिक केला तो मोबाइलने.

१०/ ३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिला मोबाइल संवाद झाला. १९९७ साली नोकिया ६११० मध्ये ‘स्नेक’ आला. त्याचा पडदा ८४ गुणिले ४८ बिंदूंचा, गेम बॉयच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. १९९९ साली विशाल गोंदल यांनी मुंबईत ‘इंडियागेम्स’ सुरू केली. चित्रपटांवर बेतलेले मोबाइल खेळ हा तिच्या कामाचा एक भाग होता. पुढे ती यूटीव्हीकडे आणि त्यानंतर डिस्नेकडे गेली. ज्या घरातून अल्लादीन निघाला, त्याच घरात मुंबईची कंपनी जाऊन पोहोचली.

११/ येथून प्रश्न गंभीर होतो. गेम बॉयचा खेळ प्लॅस्टिकच्या कार्ट्रिजमध्ये असे. ते ड्रॉवरमध्ये राहिले तरी वाचे. मोबाइलचा खेळ मात्र पैसे भरून उतरवला जाई आणि त्या हँडसेटपुरताच जगे. हँडसेट भंगारात गेला की खेळही गेला. त्या काळातील भारतीय मोबाइल खेळांचा मोठा भाग आज खेळून पाहता येत नाही.

१२/ हे आपण एकदा भोगले आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर मूकपटांचे बहुतांश रीळ नष्ट झाले होते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पूर्ण स्वरूपात उरलेला नाही. ‘आलम आरा’ (१९३१) हा पहिला बोलपट तर उपलब्धच नाही. पी. के. नायर यांनी जन्मभर रीळ गोळा केले म्हणून जे आहे ते आहे.

१३/ उलट उदाहरण अल्लादीनचेच. सेगाच्या आवृत्तीची मूळ संगणकीय सामग्री कुणीतरी सांभाळून ठेवली होती. २०१७ साली अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने तिचा अभ्यास प्रसिद्ध केला; वगळलेली चित्रे आणि अपुरे प्रसंग उजेडात आले. २०१९ साली हा खेळ पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा गेम बॉयची राखाडी आवृत्तीही त्यात होती.

१४/ महाराष्ट्राचा नवा अध्याय पुण्यात लिहिला गेला. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला. लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसल्यानंतरचे हे यश. कथेचे दुवे जोडण्यासाठी त्यात छायाबाहुल्यांची शैली वापरली आहे. स्विचच्या पडद्यावर गेम बॉयच्या चाळीसपट बिंदू मावतात. हा खेळ तरी जपला जावा.

१५/ म्हणून एक विनंती. घरात बटणांचा जुना मोबाइल असेल तर तो भंगारात देण्याआधी चालू होतो का पाहा. त्यातील खेळांची नावे, कंपनी आणि वर्ष लिहून घ्या, पडद्याचे छायाचित्र काढा आणि फुगण्याआधी बॅटरी काढून ठेवा. पूर्वी खेळ घडवणारे कुणी ओळखीचे असतील तर त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. ही माणसे आज आपल्यात आहेत, विचारले तर सांगतील. फाळक्यांच्या सहकाऱ्यांना विचारण्याची संधी आपण कधीच गमावली आहे.