सर्पगंधेचं कूळ

गडचिरोलीतल्या कुरखेडा-कोरचीकडच्या जंगलात येन-मोहाच्या सावलीला गुडघ्याएवढं एक झुडूप उगवतं. एका पेराला तीन-तीन, चार-चार पानं, वेढा दिल्यासारखी. फुलं पांढरी, किंचित गुलाबी, देठ मात्र लालभडक. फळं पिकली की काळी-जांभळी होतात. खरा माल जमिनीखाली असतो. मूळ बोटभर जाडीचं, वेडंवाकडं, साल मातकट आणि सुरकुतलेली. वास जवळपास नाहीच, पण जिभेला लावलं तर कडूजहर. गुण सगळा त्या सालीत, म्हणून जाणता माणूस ती खरवडून टाकत नाही. आणि मूळ खणलं की झाड संपलं. हीच सर्पगंधा, मराठीत काही ठिकाणी तिला अडकई म्हणतात. खणून खणून ती इतकी विरळ झाली की 1990 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो.

साप चावला, ताप डोक्यात गेला, माणूस भडकला, रात्ररात्र झोपेना, की वैदू ही मुळी देई. बिहारकडे तर तिचं नावच ‘पागल की दवा’. आज जगभर नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या गोळ्यांची वंशावळ मागे मागे नेली तर एक फांदी या मुळीपाशी पोचते. त्या गोळ्या काही माणसांवर का चालत नाहीत, याचंही थोडं उत्तर त्याच फांदीवर आहे.

1931 साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, की ही मुळी वेडावर चालते आणि वाढलेला रक्तदाबही उतरवते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलिमुज्जमान सिद्दीकी मुळीतली द्रव्यं वेगळी करत होते. एकाला त्यांनी हकीम अजमल खानांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटलं. (झाडाच्या शास्त्रीय नावात मात्र राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मन वैद्य जाऊन बसला आहे, ज्यानं हे झाड कधी पाहिलंही नव्हतं.) पुढची उडी मुंबईतली. के.ई.एम.चे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या 50 रुग्णांचा अनुभव छापला. तो वाचून बोस्टनचे डॉक्टर कामाला लागले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं मुळीतलं मुख्य द्रव्य बाहेर काढलं. तेच रेझर्पीन. आपल्याकडे पुढे कितीतरी म्हाताऱ्यांच्या औषधाच्या डब्यात ते ‘अडेल्फेन’ या गोळीतून आलं.

रक्तदाब उतरला, पण काही रुग्णांचं मनही उतरलं. 1954 मध्ये अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी असे पाच रुग्ण नोंदवले. जास्त मात्रेत बरेच दिवस रेझर्पीन घेतल्यावर ही माणसं खिन्न झाली होती. पुढच्याच वर्षी बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की रेझर्पीननं शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. मज्जापेशी सेरोटोनिनसारखी द्रव्यं बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. रेझर्पीन त्या पिशव्या भरू देत नाही आणि बाहेर राहिलेलं द्रव्य शरीरातलंच एक विकर फोडून टाकतं.

आता दोन धागे जुळले. त्याच काळात न्यू यॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचं औषध देत होते. खंगलेली माणसं वॉर्डात हसूखेळू लागली, खायला मागू लागली. हे औषध नेमकं तेच फोडणारं विकर अडवतं, हे नंतर कळलं. प्राण्यांना आधी इप्रोनियाझिड आणि मग रेझर्पीन दिलं तर ते मरगळण्याऐवजी तरतरीत होत. नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञानं ते पाहिलं आणि 1957 मध्ये आपल्या खिन्न रुग्णांवर ते औषध वापरलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांनी इमिप्रमीन पुढे आणलं. नैराश्यावरच्या गोळ्यांचं घराणं इथून सुरू होतं. 1957 चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत क्लाइन आणि आपले डॉ. वकील दोघंही होते. दोघांना रेझर्पीननं तिथवर नेलं, एकाला वेडाच्या वाटेनं, एकाला रक्तदाबाच्या.

1965 मध्ये जोसेफ शिल्डक्रॉट यांनी यातून सिद्धांत उभा केला. मेंदूतली अशी द्रव्यं कमी पडली की नैराश्य, भरून निघाली की सुटका. ऐकायला पटकन पटतं, म्हणूनच तो इतका टिकला असावा. वास्तविक 1955 मध्येच लंडनच्या मॉड्स्ली इस्पितळातल्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त, खिन्न रुग्णांना रेझर्पीन देऊन पाहिलं होतं आणि त्यांना बरं वाटलं होतं, अगदी उलटा निकाल! त्या निबंधाकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. फ्राइस यांचे पाच रुग्ण पाठ्यपुस्तकात गेले.

माझ्या मते या कुळाचा खरा दोष सिद्धांतात नाही, चाचणीत आहे. उंदराला रेझर्पीन टोचलं की त्याच्या पापण्या गळतात, अंग गार पडतं, पाठ वाकवून तो एका जागी बसून राहतो. कंपन्यांना सोपी युक्ती सापडली. नवं द्रव्य द्या. उंदीर डोळे उघडून हिंडू लागला तर औषध पुढे, नाहीतर बाद. म्हणजे कित्येक वर्षं नैराश्याचं नवं औषध निवडण्याची चाळणी सर्पगंधेच्या मुळीनं विणलेली होती. तिच्यातून एकाच जातीची औषधं खाली येणार हे उघड आहे. मियान्सेरिनसारखं वेगळं औषध त्या चाळणीत अडकलंच, माणसाच्या मेंदूच्या विद्युत आलेखावरून त्याचा गुण ध्यानात आला. 1987 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फ्लुओक्सेटिन जुन्यांपेक्षा सुसह्य आणि जास्त मात्रा पोटात गेली तरी कमी घातक. ही काही लहान गोष्ट नव्हे. पण कूळ तेच.

त्यामुळे पहिली गोळी लागू पडली नाही तर दुसरी बहुधा तिची चुलतबहीणच असते. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात सुमारे 4000 रुग्णांना पायरी पायरीनं औषधं बदलून दिली. निकाल 2006 मध्ये आले. पहिल्या दोन पायऱ्यांवर दर वेळी साधारण एक तृतीयांश माणसं लक्षणमुक्त झाली. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर हा आकडा 13-14 टक्क्यांवर घसरला. हे आकडेही सढळ हातानं मोजले होते, असा आक्षेप 2023 च्या फेरतपासणीनं घेतला. पण दोन औषधांनंतरची उतरण एवढी ठळक होती, की दोन औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही उतार नसेल तर ते उपचारांना न जुमानणारं नैराश्य, ही व्याख्या आणखी पक्की झाली.

या व्याख्येतला ‘पुरेशा’ हा शब्द कुरखेड्यात येता येता वाटेत पातळ होतो. इकडची बाई डॉक्टरला ‘मी उदास आहे’ असं सांगत नाही. ती म्हणते, जीव घाबरा होते, झोप नाही, अंग दुखते, कामात मन लागत नाही. तोवर वैदू झालेला असतो, पुजाऱ्याकडे कोंबडं झालेलं असतं, सलाईनही लागलेलं असतं. कुठे रात्रीची एक बारकी गोळी मिळते, ॲमिट्रिप्टिलीन, 25 मिलिग्रॅम. या मात्रेनं झोप लागते, डोकेदुखी हटते. नैराश्य उतरवायला सहसा 75 ते 150 लागतात, तेही हळूहळू चढवत. गुण यायला चारेक आठवडे जातात, तोंड मात्र पहिल्याच रात्री कोरडं पडतं. मधेच धानाची रोवणी येते नाहीतर तेंदूपत्त्याचा हंगाम. गोळी संपते, आरमोरीमार्गे गडचिरोलीला जायचा दिवस मोडतो. दोन-तीनदा असं झालं की घरचे म्हणतात, हिला कोणतीच गोळी चालत नाही. डॉक्टरांच्या भाषेत हा ‘खोटा प्रतिकार’ आहे, कारण रोगाची आणि औषधाची खरी गाठ अजून पडलेलीच नसते.

दुसरंही बघावं लागतं. या पट्ट्यात सिकलसेल आहे, रक्त कमी असणं तर घरोघर. थायरॉईड मंद असेल तर माणूस हुबेहूब खिन्न दिसतो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची मिळते, आणि रोज पिणाऱ्यावर गोळीचा जोर चालत नाही. कधीकाळी आठ-दहा दिवस न झोपता अचाट कामं केली होती का, हे विचारलं नाही तर द्विध्रुवी आजार निसटतो. त्याला नुसती नैराश्याची गोळी दिली तर आजार उलटा भडकू शकतो. आणि गोळ्या चालत नाहीत म्हणून कुणी सर्पगंधेचं चूर्ण घेऊ लागलं तर त्याला थांबवावं. खिन्न माणसानं ते घेऊ नये.

ही सगळी तपासणी करूनही काही माणसं उरतातच. त्यांच्या कामाचे उपाय या कुळाबाहेरून आले. रोममध्ये 1938 साली चेर्लेत्ती आणि बिनी यांनी सुरू केलेले विजेचे झटके अजूनही सर्वांत जोरकस. सिनेमांनी त्यांची बदनामी केली. त्या बदनामीला आधार होता, कारण पूर्वी ते शुद्धीवर असताना दिले जात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध यांशिवाय झटके द्यायला बंदी घातली. कायदा योग्यच आहे, पण त्यामुळे जिथे भूलतज्ज्ञ नाही तिथे हा उपायही नाही. दुसरा उपाय केटामीन. 1962 मध्ये बनलेलं हे भुलीचं औषध. 2000 साली येल विद्यापीठातल्या सात रुग्णांच्या छोट्या अभ्यासात त्यानं आठवड्यांऐवजी काही तासांत नैराश्य हलकं केलं. ते सेरोटोनिनवर नव्हे, ग्लुटामेट या वेगळ्याच द्रव्यावर काम करतं. 2019 मध्ये त्याच्या भावंडाला, नाकात फवारायच्या एस्केटामीनला, अमेरिकेनं याच हट्टी नैराश्यासाठी मान्यता दिली. फवारल्यावर रुग्णाला किमान दोन तास नजरेखाली ठेवावं लागतं. साधं केटामीन आपल्याकडे लहान इस्पितळांच्या शस्त्रक्रियागृहातही असतं. हाड बसवताना भुलीला ते वापरतात. नैराश्यासाठी ते देणारा मनोविकारतज्ज्ञ मात्र नागपुरात गाठावा लागतो.

या उपायांपर्यंत जाण्याआधीचं काम विदर्भातच करून पाहिलेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातलीच माणसं शिकवून घरोघर पाठवली. ती ऐकून घेत, समुपदेशन करत, गरज पडली तर डॉक्टरकडे नेत. 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त निकाल आला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे आधी 4.3 टक्के होते, दीड वर्षानं 27.2 झाले. कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था ऐंशीच्या दशकापासून आहे, आशाताई गावोगावी आहेत, 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. केटामीनची वेळ फार थोड्यांवर येईल. 25 ची गोळी 75 वर कोण नेणार आणि रोवणीच्या दिवसांत ती संपली तर घरी कोण आणून देणार, हे त्याआधी ठरायला हवं.