संख्या नसलेली संख्या

शून्याने भागायचे नसते, हा शाळेत पाठ झालेला नियम संगणक अर्धाच पाळतो. जावा या भाषेत पूर्णांक १ ला पूर्णांक ० ने भागण्याची आज्ञा दिली, तर आज्ञावली तक्रार करून थांबते. हीच आज्ञा १.० आणि ०.० असे दशांशचिन्ह घालून दिली, तर ती थांबत नाही. 'इन्फिनिटी' म्हणजे अनंत असे उत्तर देऊन पुढच्या ओळीकडे वळते. ०.० ला ०.० ने भागले, तर उत्तर येते 'नॅन'. 'नॉट अ नंबर' या शब्दांचे हे लघुरूप. अर्थ, ही संख्या नव्हे. गंमत अशी की, जावास्क्रिप्टमध्ये या नॅनचा प्रकार कोणता असे विचारले, तर उत्तर मिळते, 'नंबर'.

वरवर विनोदी वाटणाऱ्या या व्यवस्थेमागे बराच विचार आहे, आणि ती नीट न समजल्यास होणारे घोटाळेही तितकेच खरे आहेत.

संगणकात अपूर्णांक साठविण्याची रूढ पद्धत 'फ्लोटिंग पॉइंट' या नावाने ओळखली जाते. शास्त्रज्ञ अतिप्रचंड आकडे दहाच्या घातांच्या रूपात लिहितात, तोच हा प्रकार. फक्त पाया १० ऐवजी २ असतो आणि बिंदू घातांकानुसार पुढेमागे सरकतो. 'डबल' या नेहमीच्या प्रकारात एका संख्येसाठी ६४ बिट असतात : एक चिन्हासाठी, ११ घातांकासाठी आणि ५२ अपूर्णांकाच्या अंकांसाठी. एवढ्या जागेत सुमारे १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात इतकी मोठी संख्या मावते. मात्र घातांकाचे अकराही बिट १ असतील, तर तो साठा नेहमीची संख्या मानला जात नाही. अशा वेळी उरलेले ५२ बिट शून्य असतील तर ते अनंत, धन किंवा ऋण; त्यांतील एक जरी बिट १ असेल तर तो नॅन. म्हणजे अनंत दोन, पण नॅन लिहिण्याचे मार्ग सुमारे ९ गुणिले १० चा १५ वा घात इतके.

ही रचना आकाशातून पडलेली नाही. १९७०च्या दशकात प्रत्येक संगणक-उत्पादकाचे अंकगणित वेगळे होते. एकच आज्ञावली दोन यंत्रांवर दोन उत्तरे देई. काही यंत्रांवर तर तुलनेच्या वेळी शून्य नसलेली संख्या भागाकाराच्या वेळी शून्य समजली जाई. मग आधी तपासणी करूनही काय उपयोग? इंटेल कंपनीने आपल्या ८०८७ या गणिती चिपसाठी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे गणितज्ञ विल्यम काहान यांचा सल्ला घेतला. ही चिप १९८० साली आली. त्याच सुमारास काहान, त्यांचे विद्यार्थी जेरोम कूनन आणि हॅरॉल्ड स्टोन यांनी एका सामाईक मानकाचा मसुदा पुढे ठेवला. अतिसूक्ष्म संख्या एकदम शून्य न करता टप्प्याटप्प्याने शून्याकडे नेण्याच्या कलमावर डिजिटल इक्विपमेंट या बड्या कंपनीचा विरोध होता. पण या कलमामुळेच दोन संख्या भिन्न असतील तर त्यांची वजाबाकी शून्य येणार नाही, एवढी हमी मिळते. कंपनीने ज्या तज्ज्ञाकडे या कलमाची छाननी सोपविली, त्याचाही कौल शेवटी मसुद्याच्याच बाजूने पडला. १९८५ साली 'आयईईई ७५४' हे मानक मंजूर झाले. काहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार लाभला. २००८ आणि २०१९ मध्ये मानकाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

यातील अनंताचे नियम मराठी वाचकाला अगदीच अनोळखी वाटू नयेत. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांनी छेदस्थानी शून्य असलेल्या राशीला 'खहर' म्हटले आणि तीत कितीही मिळविले वा वजा केले तरी ती बदलत नाही, असे सांगितले. संगणकातील अनंतही असाच : त्यात दहा लाख मिळवा, तो तसाच राहतो. मात्र साम्य इथेच संपते. शून्याने भागून पुन्हा शून्यानेच गुणले, तर मूळ राशी परत मिळते, असे भास्कराचार्य मानीत. संगणक अनंताला शून्याने गुणतो तेव्हा उत्तर नॅन येते. अनंतातून अनंत वजा केला तरीही नॅनच.

ऋण शून्य हे आणखी एक नवल. चिन्हासाठी स्वतंत्र बिट असल्याने शून्यही धन आणि ऋण असे दोन होतात. तुलनेत ते समान ठरतात, पण १ ला त्यांनी भागले की एकाचे उत्तर धन अनंत, दुसऱ्याचे ऋण अनंत. एखादी संख्या कोणत्या बाजूने शून्याकडे घसरली याची ती खूण होय. सामान्य हिशेबात तिची आठवण 'उणे ०' असे विचित्र आकडे पडद्यावर दिसतात तेव्हाच होते.

खरी कसोटी नॅनची. नॅन कोणत्याही बेरीज-गुणाकारात मिसळला की उत्तरही नॅन होते. दुधात पडलेल्या मिठाच्या खड्यासारखा तो सगळा हिशेब नासवतो. हे मुद्दाम केलेले आहे. चूक झाल्याची वर्दी शेवटच्या उत्तरापर्यंत पोहोचावी, हा हेतू. पण वर्दी पोहोचण्याआधीच वाटेत एखादी तुलना आली, तर ती हरवू शकते. नॅन कोणाहून मोठा नाही, कोणाहून लहान नाही, कोणाएवढा नाही, स्वतःएवढासुद्धा नाही. अशी प्रत्येक तुलना 'असत्य' ठरते.

समजा, एखाद्या भट्टीच्या नियंत्रकात 'तापमान ९०० अंशांहून जास्त झाल्यास घंटा वाजवा' अशी अट आहे. संवेदक बिघडला आणि तापमानाच्या जागी नॅन आला. तो ९०० हून जास्त आहे काय? नाही. घंटा वाजत नाही, भट्टी चालू राहते. हीच अट 'तापमान ९०० किंवा त्याहून कमी असेल तरच गप्प राहा, एरवी घंटा वाजवा' अशी लिहिली असती, तर घंटा वाजली असती. कागदावर दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच; नॅनच्या दरबारात मात्र ती परस्परविरुद्ध.

नॅन येण्यासाठी यंत्रच बिघडायला हवे, असेही नाही. पायथनमध्ये वापरणाऱ्याने टंकलेला मजकूर संख्येत बदलणारी 'फ्लोट' नावाची सोय आहे. रकमेच्या रकान्यात कोणी रोमन लिपीत 'नॅन' ही तीन अक्षरे टंकली, तर ही सोय ती नाकारत नाही, निमूटपणे स्वीकारते. त्यापुढची 'रक्कम शून्याहून कमी किंवा एक लाखाहून जास्त असल्यास परत पाठवा' ही तपासणीही ती पार करते, आणि दिवसअखेरची एकूण बेरीज नॅन होऊन बसते.

मानक एक असले, तरी भाषांनी त्याचे पालन आपापल्या रीतीने केले. पायथन १.० ला ०.० ने भागू देत नाही, तिथे चूक दाखवून थांबतो; जावा व जावास्क्रिप्ट अनंत देतात. ३ आणि नॅन यांतील मोठा कोण, या प्रश्नावर जावास्क्रिप्ट नॅन म्हणते, 'सी'मधील 'एफमॅक्स' ३ म्हणते, आणि पायथनचे उत्तर आधी कोणाचे नाव घेतले त्यावर ठरते. खुद्द मानकातही हा घोळ होता. २००८ च्या आवृत्तीतील लहान-मोठा ठरविणाऱ्या क्रिया गटवारी बदलली की काही प्रसंगी उत्तर बदलीत. म्हणून २०१९ मध्ये त्या काढून नव्या व्याख्या देण्यात आल्या.

क्रमवारी लावताना अडचण आणखी वाढते, कारण लहान-मोठे ठरल्याशिवाय क्रम कसा लागणार? पायथनच्या यादीत नॅन शिरला, तर क्रमवारी गुपचूप चुकते. पोस्टग्रेस या माहितीसंचाने व्यवहारी मार्ग पत्करला : तिथे नॅन स्वतःएवढा आणि इतर सर्व संख्यांहून मोठा मानला जातो. रस्ट भाषेत दशांश संख्यांची यादी थेट क्रमाने लावूच दिली जात नाही. तुलना कशी करावी, हे लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगावे लागते. सुरुवातीला हा जाच वाटतो, पण तिघांमध्ये हाच मार्ग प्रामाणिक म्हणावा लागेल. संख्याशास्त्रज्ञांच्या 'आर' भाषेने तर नॅनच्या असंख्य रूपांपैकी एक निवडून, त्यात १९५४ हा आकडा दडवून, 'माहिती उपलब्ध नाही' यासाठी राखून ठेवले आहे. उलट जेसन या देवाणघेवाणीच्या स्वरूपात अनंत किंवा नॅन यांना जागाच नाही. जावास्क्रिप्ट तिथे 'नल' लिहून मोकळी होते आणि पलीकडे चूक कोणती होती, याचा मागमूस उरत नाही.

मग चूक होताच थांबलेलेच बरे नव्हे काय? ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झेपावलेले एरियन ५ हे अग्निबाण-यान सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यावर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. दिशादर्शक प्रणालीत ६४ बिटांची एक फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसविली जात होती. एरियन ४ वरून उचललेल्या त्या आज्ञावलीला नव्या यानाचा वेग पेलला नाही. संख्या मावली नाही, चूक नोंदली गेली आणि प्रणाली शिस्तीत बंद पडली. राखीव प्रणाली त्याच कारणाने क्षणभर आधीच बंद पडली होती. जे गणित चालू होते, त्याची उड्डाणानंतर गरजही नव्हती. न थांबता पुढे जाण्याची ७५४ ची रीत पाळली असती, तर ही आपत्ती टळली असती, असा युक्तिवाद काहान यांनी पुढे केला.

त्यांचा मुद्दा वजनदार आहे, पण पूर्णांकाच्या घरात अनंताला किंवा नॅनला खोलीच नसते, ही अडचण उरतेच. जावा नॅनचे पूर्णांकात रूपांतर करताना ० देते आणि मावणार नाही एवढ्या मोठ्या संख्येसाठी सर्वांत मोठा पूर्णांक देते. रस्टनेही २०२० पासून हीच रीत अवलंबिली. 'सी' भाषेत असे रूपांतर काय देईल, याचे कोणतेही बंधन नाही. जे येईल ते खरे.

अशा स्थितीत नॅन ओळखण्यासाठी त्याची स्वतःशी तुलना करणे, ही जुन्या जाणकारांची युक्ती : जो स्वतःएवढा नाही, तो नॅन. १९९९ च्या 'सी' मानकाने यासाठी स्वतंत्र तपासणी दिली, पायथनमध्ये ती २००८ साली आली. जावास्क्रिप्टची मूळ तपासणी कोणत्याही बिगरसंख्या मजकुरालाही नॅन ठरवीत असल्याने २०१५ मध्ये तिथे दुसरी, काटेकोर तपासणी द्यावी लागली. मात्र जीसीसी या संकलकाला 'फास्ट मॅथ' हा पर्याय देऊन वेग मागितला, तर तो नॅन कधी येणारच नाही असे गृहीत धरतो, आणि नॅन शोधणारी ही ओळच निरुपयोगी समजून काढून टाकू शकतो.