जिवाणी, विहीर आणि पंचगंगेचं पाणी



माझं माहेर शिरोळ तालुक्यात, सासर कोल्हापुरात. परवा आईला भेटायला गेले तर दादा म्हणाला, "परड्यातली विहीर बुजवून टाकतो. नाहीतरी पाणी मचूळ झालंय, आणि गाडी लावायला जागा होईल." आई काहीच बोलली नाही. ती नळाचं पाणी गाळत होती. गाळणं दुहेरी करून घागरीवर धरलं, पाणी गाळलं, मग गाळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हलकेच धुतलं. ती जिवाणी तिनं लहान तांब्यात घेतली आणि विहिरीकडे निघाली.

तो तांब्या तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिला असेल. त्याच्या तळाला कडी असते. दोरीनं पाण्यापर्यंत सोडायचा आणि तिथं उलटा करायचा. जिवाणी वरून फेकायची नाही, जीवांना मार लागतो. ज्या पाण्यातून जीव आले त्याच पाण्यात ते परत गेले पाहिजेत, एवढाच नियम. मी म्हटलं, "आई, पाणी नळाचं आणि जिवाणी विहिरीत? हे काही त्याच पाण्यातलं नव्हे." ती म्हणाली, "मग बेसिनात ओतू व्हय? पाणी शेवटी एकच असतंय बाई."

पाणी एकच असतं का? परतीच्या एसटीत मी याचाच विचार करत बसले.

आपल्या जिल्ह्याचं पाणी येतं अरबी समुद्रातून. उन्हानं समुद्राची वाफ होते. नैर्ऋत्येचा वारा ती वाफ घेऊन येतो आणि सह्याद्रीला अडतो. वर चढता चढता हवा गार होते आणि वाफेचं पाणी होतं. म्हणून गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगर ओलांडला की हवा खाली उतरते, तापते, आणि ढगांजवळ द्यायला फारसं उरत नाही. तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या शिरोळला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस. एकाच जिल्ह्यात दसपट फरक!

घाटमाथ्यावरचा जांभा दगड पाणी पितो. खालचा काळा पाषाण ते सहजी आत घेत नाही, म्हणून त्याच्या भेगांतून आणि कडेनं झरे फुटतात. त्या झऱ्यांच्या आणि पावसाच्या पाण्यावर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या वाहतात. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. पाचही मिळून पंचगंगा होते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. ज्या समुद्रातून हे पाणी आलं, तो घाटाच्या पश्चिमेला अगदी जवळ; पण पाणी पूर्वेला वळून हजार किलोमीटरहून जास्त चालतं आणि बंगालच्या उपसागराला मिळतं. तिथून पुन्हा वाफ, पुन्हा ढग.

पाऊस चार महिने, तहान बारा महिने. त्यामुळे या मुलखाचा इतिहास बराचसा पाणी अडवण्याचा इतिहास आहे. बाराव्या शतकात इथं शिलाहारांचं राज्य होतं. त्यांच्यातल्या गंडरादित्य राजानं मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठच्या शिव, बुद्ध आणि अर्हंत या तिन्ही देवस्थानांना जमिनी दिल्या. त्याचा ताम्रपट आहे. तळं एक आणि काठावर तीन धर्म. जिनमंदिराच्या पायरीवरून दिसणारं पाणी सगळ्यांचंच होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

पुढचं मोठं काम राजर्षी शाहू महाराजांचं. १८९६-९७ चा दुष्काळ त्यांनी गादीवर आल्याआल्याच पाहिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण हाती घेतलं. गावाला नाव दिलं मुलगी राधाबाई अक्कासाहेबांचं आणि तलावाला महाराणी लक्ष्मीबाईंचं. पैशाअभावी काम थांबलं, १९२२ साली महाराज गेले, आणि धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. त्याचे सात दरवाजे पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडतात आणि उतरलं की मिटतात. जेवढं पोटात मावतं तेवढंच ठेवायचं, बाकीचं पुढे जाऊ द्यायचं. आपल्या परिग्रह-परिमाण व्रतासारखंच म्हणा ना!

कोल्हापूर पद्धतीचा बंधाराही तसाच. पावसाळ्यात त्याची दारं मोकळी असतात, पूर आणि गाळ वाहून जातो. पाऊस सरला की खाचांत बरगे बसवतात आणि मागं उरलेलं पाणी उन्हाळ्यासाठी अडतं. ही पद्धत पुढे महाराष्ट्रभर गेली, आपलं नाव घेऊन.

या पाण्यावर आपल्या घरांची भरभराट झाली. शिरोळ-हातकणंगल्याच्या किती जैन घरांत ऊस आला, माड्या चढल्या, मुली शिकल्या. मीही त्यातलीच एक. पण उसाला पाट वाहता ठेवला तो ठेवलाच. काळी जमीन पाणी धरून बसते. जमिनीखालचं पाणी वर वर आलं. मग सूर्यानं आपलं काम केलं. तो पाण्याची वाफ करून नेतो, पण त्यातले क्षार मागेच ठेवतो. हजारो एकर जमिनीवर पांढरा थर आला. आमच्या मळ्याचा खालचा तुकडा मी लहान असतानाच पांढरा पडला होता. आम्ही पोरं त्यावर बोटानं नावं काढायचो. बाबा तिकडं बघायचे नाहीत. आज काही शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून ते साचलेलं पाणी बाहेर काढतात आणि जमीन पुन्हा पिकाखाली येते. म्हणजे शेवटी पाण्याला वाट करून द्यावीच लागली.

नदी तर आपली वाट स्वतःच घेते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. घाटावर थोड्या दिवसांत धो धो कोसळलं, आणि खाली कृष्णाच तुडुंब, मग पंचगंगेनं रितं व्हायचं कुठं? ती मागं फुगली. २०१९ ला आमच्या परड्यात कमरेएवढं पाणी होतं. ओसरलं तेव्हा विहिरीत अर्ध्यापर्यंत गाळ. तेव्हापासून ती कुणी नीट उपसलीच नाही.

दादाला मी हेच फोनवर सांगितलं. विहीर मचूळ झाली कारण आपण तिच्यातून पाणी काढायचं सोडलं, आणि भोवतीची जमीन पाणी पिऊन फुगलेली. प्यायला नको, पण धुण्याला, भांड्याला, मंदिरासमोरच्या फुलझाडांना तिचंच पाणी घे. उपसा राहिला तर पाणी खेळतं राहील. तो म्हणाला, "गाळ काढायला पैसे पडतात." मी म्हटलं, निम्मे मी देते. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत थांबतो."

तेवढंच पुरे आहे. चातुर्मासात मुनिमहाराज चार महिने एका जागी थांबतात, कारण पावसानं पावलागणिक जीव उगवलेले असतात. आपल्याला विहार थांबवायचा नाही, पण हात आखडता घेता येतो. तुमच्या परड्यातही एखादी विहीर असेल, झाकलेली, कचरा पडलेली. झाकण काढून एकदा आत डोकावा. पाणी असेल तर उपसा, आणि जिवाणी तिथंच सोडा.

आई रोज सोडते. परवा दोरी खाली सोडताना तिचा हात थरथरत होता, म्हणून मी धरायला गेले. तिनं दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "सावकाश. पाण्याला टेकल्यावरच उलटा कर."