ढोकीच्या पांढरीतली पेवं

उन्हाळ्यात ढोकीच्या बाजारात जे सफरचंद मिळतं, त्याला पुष्कळदा झाडावरून उतरवून सात-आठ महिने झालेले असतात. शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास गारवा आणि नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता राखतात, म्हणून ते टिकतं. कोरड्या हवेत त्याची साल सुरकुतते. आमच्या ज्वारीचा न्याय उलटा. दाण्यात बारा-तेरा टक्क्यांहून जास्त ओल राहिली की बुरशी धरते, किडा पडतो, रास आतून तापते. तिला हवा कोरडेपणा, आणि उन्हाळा-पावसाळ्याच्या चढउतारापासून आडोसा. विजेशिवाय हे साधायचं ते जमिनीत खणलेलं पेव.

आजोबा सांगायचे, पेव काळीत खणायचं नसतं, पांढरीत खणायचं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि त्या भेगांतून पाणी थेट खाली जातं. पांढरी म्हणजे गावठाण, उंचवट्याची जागा. तिथं पाणी साचत नाही. पेवाचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट रुंद, खोली दीड-दोन पुरुष. आत जाळ करून भिंती शेकायच्या. मग तळाला आणि कडेनं कडबा-भुसकटाचा जाड थर द्यायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर पुन्हा भुसकट, त्यावर शिळा, शिळेवर मातीचं लिंपण. खळ्यावरची ज्वारी वाळली की नाही, हे दातानं ठरायचं. दाणा चावल्यावर कट्ट वाजला तरच ती पेवात जायची.

बंद पेवात दाणा आणि त्यातले किडे श्वास घेत राहतात, प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साचतो आणि किडे गुदमरून मरतात. वर चाळीस अंश ऊन असो की आषाढाची झड, जमिनीखालचं तापमान फारसं हलत नाही. कडेची थोडी ज्वारी काळी पडायची, ती जनावरांना. उरलेलीला पेवाचा वास असायचा, तरी ती वर्षानुवर्षं खाता यायची. बियाणं मात्र पेवात ठेवत नसत, कारण तिथला दाणा उगवेलच याची खात्री नसे. ते राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात, मडक्यात किंवा कणगीत वेगळं राहायचं. या जाणतेपणाचा मला फार अभिमान वाटतो.

ही सगळी धडपड दुष्काळासाठी होती. दामाजीपंतांनी मंगळवेढ्यात सरकारी धान्य भुकेल्यांना वाटल्याची कथा या मुलखात घरोघर सांगतात, ती उगीच नव्हे. भरलेलं पेव म्हणजे पुढच्या कोरड्या वर्षाची भाकरी. अर्थात ज्यांची पेवं होती, त्यांच्याच दारात इतरांना उभं राहावं लागायचं, हेही लिहिलं पाहिजे.

पेवं का गेली? गोदामं आली, रेशन आलं, ढोकीत तेरणा साखर कारखाना उभा राहिला, ऊस वाढला, नंतर सोयाबीन. पण माझ्या मते मोठं कारण ज्वारीतच आहे. जुनी मालदांडी ज्वारी रब्बीची, माघ-फाल्गुनाच्या कोरड्या हवेत ती काढणीला येते आणि खळ्यावरच खडखडीत वाळते. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित वाण आलं आणि त्यामागून खरिपाची हायब्रीड ज्वारी पसरली. ती पिकते परतीच्या पावसात. कणसातच दाणा भिजतो, काळा पडतो. असा दाणा पेवात घातला तर सगळं पेव नासणार. हायब्रीडनं १९७२च्या दुष्काळानंतर पुष्कळ पोटं भरली, हे खरंच. पण ती साठवणीची ज्वारी नव्हती.

आता घरं बांधताना जुनी पेवं मुरूम टाकून बुजवतात. तुमच्या गावठाणात एखादं शिल्लक असेल तर बुजवण्याआधी त्याची जागा, तोंडाचं माप आणि जाणत्या माणसांनी सांगितलेली खोली लिहून ठेवा. आत मात्र कुणी उतरू नका. पूर्वी शिळा काढल्यावर पेव बराच वेळ उघडं ठेवत, मग दिवा खाली सोडत आणि तो विझला तर माघारी फिरत. एवढी काळजी घेऊनही पेवात गुदमरून माणसं गेलेली आहेत.