बाभळीचं नाव कुणी बदललं?

बाभळीचं शास्त्रीय नाव विचारलं तर आपल्याकडचा बॉटनी शिकलेला माणूस अजूनही झटकन सांगतो, अकेशिया निलोटिका. फार जुन्या पुस्तकांवर वाढलेला असेल तर अकेशिया अरेबिका म्हणेल. आता हेच नाव लंडनच्या क्यू गार्डनच्या ऑनलाइन यादीत टाकून बघा. नाव सापडतं, पण 'पर्यायी नाव' असा शेरा मारलेलं. मान्य नाव म्हणून समोर येतं वॅचेलिया निलोटिका. हिवरसुद्धा वॅचेलिया झालाय. खैर आता सेनेगॅलिया कॅटेचू. शिकेकाईही सेनेगॅलियात गेली.

मग अकेशिया नाव कुणाकडे राहिलं? ऑस्ट्रेलियाकडे. कोकणात सामाजिक वनीकरणाने रस्त्याच्या कडेने आणि माळांवर जी ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, ती अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस, तिचं नाव जसंच्या तसं आहे. पाहुणी घरच्या नावाने नांदतेय आणि घरचीला नवं नाव मिळालंय.

यावर नेहमीची प्रतिक्रिया येते, 'या शास्त्रज्ञांना उद्योग नाहीत.' मला हे पटत नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टी घडल्यात आणि त्या वेगळ्या ठेवूनच बघायला पाहिजेत.

पहिली गोष्ट शास्त्राची. लिनियसने १७५३ मध्ये बाभळीला मिमोसा म्हणजे लाजाळूच्या प्रजातीत घातलं होतं. १७५४ मध्ये फिलिप मिलर या इंग्रज बागतज्ज्ञाने अकेशिया ही प्रजाती वेगळी मांडली. पुढच्या दोनशे वर्षांत जगभरातून जे जे भरपूर पुंकेसरांचं गोंडेदार फूल सापडलं ते याच पोत्यात पडत गेलं. शेवटी पोत्यात १३०० हून जास्त जाती झाल्या, त्यातल्या ९५० च्या वर एकट्या ऑस्ट्रेलियातल्या. १९८६ मध्ये लेस्ली पेडली या ऑस्ट्रेलियन वनस्पतिशास्त्रज्ञानेच सांगितलं की हे एक कुटुंब नाही, याचे तीन भाग करा. पुढे डीएनएच्या अभ्यासाने तर किमान पाच गट दाखवले. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक जाती निघाल्या शिरीषाच्या गोतावळ्यातल्या. बाभूळ आणि खैरसुद्धा एकमेकांचे सख्खे नाहीत. तेव्हा पोतं फोडणं भागच होतं. याबद्दल फारसा वाद नाही.

दुसरी गोष्ट वाटणीची. घर मोडल्यावर आडनाव कुणी लावायचं? याचा नियम वनस्पतिशास्त्रात आधीपासून ठरलेला आहे. प्रत्येक प्रजातीचं नाव एका नमुना जातीला खुंटीसारखं बांधलेलं असतं. घर कितीही फुटो, ती जात जिकडे जाईल तिकडे नाव जातं. अकेशियाची खुंटी होती बाभूळ. आणि ते योग्यच होतं, कारण हा शब्दच मुळात तिचा आहे. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस 'अकाकिया' म्हणतो ते इजिप्तमधलं काटेरी झाड म्हणजे हीच. शब्दाचा संबंध काट्याशी, टोकाशी लावतात. बहुतेक ऑस्ट्रेलियन अकेशियांना काटेच नाहीत!

नियम पाळला असता तर ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या जाती रॅकोस्पर्मा झाल्या असत्या. पेडलीची त्याला तयारी होती, त्याच्या देशाची नव्हती. १९८८ मध्येच त्यांनी गोल्डन वॅटल, म्हणजे अकेशिया पिकनँथा, हे अधिकृत राष्ट्रीय फूल जाहीर केलं होतं. २००३ मध्ये ऑर्चर्ड आणि मॅस्लिन या दोघांनी प्रस्ताव मांडला की खुंटीच बदला, बाभळीऐवजी एक ऑस्ट्रेलियन जात नमुना धरा. युक्तिवाद सरळ होता. बहुसंख्य जाती आमच्याकडे आहेत, म्हणजे कमीत कमी नावं बदलावी लागतील. समितीने तो उचलून धरला.

जुलै २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत विषय मताला आला. आता आकडे बघा. समितीची शिफारस फेटाळा म्हणणारे सुमारे ५५ टक्के, ठेवा म्हणणारे ४५ टक्के. जिंकले ४५ टक्केवाले. कारण शिफारस फेटाळायला ६० टक्के मतं लागतील असं धरलं होतं. विरोधकांचं म्हणणं बरोबर उलटं होतं. बदल करायचाय तो तुम्हाला, मग ६० टक्के तुम्ही आणा. आफ्रिकेतले अभ्यासक जास्त चिडले, कारण तिथल्या गवताळ रानाचं चित्र डोळ्यांसमोर येतं ते याच झाडाचं. सहा वर्षं भांडण चाललं. मधले मार्गही सुचवले गेले. २०११ मध्ये पुढची परिषद भरली मेलबर्नला (हो, ऑस्ट्रेलियातच), आणि तिथे स्पष्ट बहुमताने व्हिएन्नाचा निर्णय कायम झाला.

माझं मत सांगतो. कमी नावं बदलावीत हा मुद्दा खोटा नाही. पण त्यात जाती मोजल्या, माणसं मोजली नाहीत. सेनेगलपासून बंगालपर्यंत ज्या झाडाच्या शेंगा शेळ्या खातात, ज्याचा डिंक विकला जातो, ज्याच्या लाकडाचे नांगर आणि गाड्यांची चाकं झाली, त्याचं नाव किती सरकारी कागदांत लिहिलेलं आहे याची मोजदाद त्या हिशेबात आली नाही.

मिळालेल्या नव्या नावाची गंमत अशी की ते आपल्याच भागात जन्मलं. ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा डॉक्टर रॉबर्ट वाइट आणि त्याचा सहकारी आर्नॉट यांनी १८३४ मध्ये भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवर पुस्तक काढलं, त्यात वॅचेलिया हे नाव देवबाभळीसाठी आलं. वॅचेल हा चीनच्या किनाऱ्यावर वनस्पती गोळा करणारा पाद्री. बाभळीला ते नाव चिकटलं २००८ मध्ये.

वरच्या पायऱ्याही हलल्यात. आपण कॉलेजात मिमोसेसी हे कूळ पाठ केलं. २०१७ मध्ये शेंगवर्गीय वनस्पतींच्या अभ्यासकांनी मिळून सहा उपकुळांची नवी मांडणी केली, तिच्यात बाभळीचा सगळा गट बहावा आणि गुलमोहराच्या उपकुळात विलीन झाला. डेटाबेसमध्ये प्रत्येक नाव आपल्या वरच्या नावाला जोडलेलं असतं, सातबाऱ्यावर वारस लागावा तसं. वरची एक नोंद बदलली की खालच्या हजारो नोंदींचा पत्ता बदलतो, आणि एनसीबीआय, जीबीआयएफ, कॅटलॉग ऑफ लाइफ यांच्या याद्या सगळ्या एकाच दिवशी बदलत नाहीत.

आपला प्रश्न इथे सुरू होतो. पूर्ण नाव लिहिलेलं असेल तर काळजी नाही. अकेशिया निलोटिका टाकलं की यंत्र बरोबर वॅचेलियाकडे नेतं. पण जुन्या अहवालात नुसतं 'अकेशिया, इतके हेक्टर लागवड' असं असेल तर? १९८० च्या सुमारास त्याचा अर्थ बाभूळ, खैर किंवा ऑस्ट्रेलियन, काहीही होऊ शकतो. आजच्या वर्गीकरणात तो आपोआप ऑस्ट्रेलियन गटात जाऊन बसतो. गावरान बाभूळबन होतं की परदेशी लागवड, हे त्या कागदावरून मग कधीच कळणार नाही. खैर तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतलं झाड. परवान्यावर एक नाव, तपासणीच्या यादीत दुसरं आणि दोन्ही संगणकाने जुळवायची, असं झालं की घोळ ठरलेला.

२००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव नोंदवह्या झाल्या आहेत. त्यातल्या काही मी पाहिल्यात. कुठे जुनं नाव, कुठे नवं, कुठे दोन्ही नावं दोन वेगळी झाडं म्हणून. तुमच्या गावच्या समितीत कुणी ओळखीचं असेल तर एवढंच सांगा, की गावातलं नाव आधी लिहा, मग जुनं शास्त्रीय नाव, मग नवं, आणि कोणत्या वर्षाची कुठली यादी वापरली तेही. उंच सरळ वाढणारी रामकाठी आपले लोक साध्या बाभळीपासून वेगळी ओळखतात. शास्त्रातही ती उपजात म्हणून वेगळी आहे. नोंदवहीत मात्र दोघी एकाच ओळीत सापडतात.

आणि नियम नेहमीच वाकवतात असंही नाही. २०२२ मध्ये प्रोसोपिस ही प्रजाती अशीच फुटली. तिच्या बहुसंख्य जाती अमेरिका खंडातल्या, पण खुंटी होती आपली शमी. या वेळी नाव खुंटीबरोबर राहिलं. शमी अजून प्रोसोपिस सिनेरेरियाच आहे, आणि आपल्या माळांवर माजलेली वेडी बाभूळ, कालपर्यंतची प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, आता नेल्टुमा झालीय. ती उपटायच्या कामांच्या अंदाजपत्रकांत हे नाव यायला किती वर्षं लागतात, बघू.