उंबरठ्यावरचा उमेदवार

निवडणूक म्हटली म्हणजे सभा, मिरवणुका आणि घोषणा डोळ्यांपुढें येतात. परंतु नगरपालिकेची निवडणूक खरी लढली जाते ती उंबरठ्यावर. सभेंत उमेदवार बोलतो. दारांत त्याला ऐकून घ्यावें लागतें. नांदेड व लातूर या शहरांच्या इतिहासांत हा फरक विशेष स्पष्ट दिसतो.

निजामी अमलांत येथें सार्वत्रिक मतदान नव्हतें. 1929 च्या ‘गश्ती’ क्रमांक 53 नें सभेसही सरकारी परवानगी लागूं लागली; 1938 मध्यें स्टेट काँग्रेसवर जन्मतःच बंदी आली. चौकांत बोलण्याची सोय नसली म्हणजे विचार वाड्यावाड्यांतून फिरतो. 17 सप्टेंबर 1948 रोजीं ती राजवट संपली आणि 1952 सालीं येथील प्रौढ स्त्रीपुरुषांनीं लोकसभा व विधानसभेसाठीं प्रथमच मत दिलें. कालपर्यंत रयत कचेरीच्या दारीं जाई. आतां सत्तेचा इच्छुक रयतेच्या दारीं येऊं लागला.

मात्र दार उघडणारी स्त्री यादींत असावी लागते. त्या पहिल्या निवडणुकीच्या वेळीं देशांतील सुमारें 28 लाख स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां ‘अमक्याची पत्नी’ एवढेंच सांगितलें, म्हणून त्या यादींतून वगळल्या गेल्या.

इंग्लंडांत 1872 पर्यंत मत उघड देत; दारीं मिळालेला होकार पडताळून पाहतां येई. आपल्या सार्वत्रिक निवडणुकांत मत प्रथमपासून गुप्त आहे. म्हणून आपल्या दारांतलें ‘देऊं हो’ हें वचन नव्हे, तो पाहुणचार होय.

लातुरास एप्रिल 2016 मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. वर्षानें, एप्रिल 2017 मध्यें, महापालिकेची निवडणूक झाली. 2012 सालीं एकही जागा नसलेल्या भारतीय जनता पक्षास 70 पैकीं 36 जागा मिळाल्या. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नांदेडांत काँग्रेसनें 81 पैकीं 73 जागा जिंकल्या. लातूरचा निकाल केवळ पाण्यानें लागला असें म्हणणें धाडसाचें होईल. पण रिकाम्या घागरी ओलांडून मत मागणाऱ्यास नळाचा प्रश्न टाळतां येण्याजोगा नव्हता.

त्या निवडणुकांत एका प्रभागांतून बहुधा चार सदस्य निवडावयाचे होते. प्रभाग मोठा झाला कीं उमेदवाराचीं पावलें अपुरीं पडतात आणि त्याच्या वतीनें चिठ्ठ्या वाटणारीं पोरें अधिक दिसतात. 2022 मध्यें दोन्ही महापालिकांच्या मुदती संपल्या व पुढें कांहीं वर्षें कारभार प्रशासकांकडे राहिला. लोकांनीं कर भरले. मत मागावयास मात्र कोणी आलें नाहीं.

दारीं आलेला उमेदवार ऐन जेवणाच्या वेळीं त्रासदायक वाटतो खरा. पण ज्या घरीं मत मागावयास कोणी येत नाहीं, त्या घरचें गाऱ्हाणेंही कोणास ऐकावें लागत नाहीं. म्हणून कडी वाजली तर चिठ्ठी घेऊन दार लावण्याची घाई करूं नये. आपल्या गल्लीचा एक तरी प्रश्न त्यास विचारावा.